दानव्वाचे कान

उचगावातल्या बसलिंगाप्पा मिस्त्रींच्या दोन खोल्यांच्या घरात लोखंडी तिजोरी कधी आलीच नाही. तिजोरीची म्हणून भिंतीला जी एकच जागा होती, तिथं पायपेटी उभी होती. पायानं भाता मारायची, छातीइतकी उंच, काळ्याभोर शिसवी लाकडाची. कुठल्याशा बंद पडलेल्या नाटक कंपनीचं सामान एका गोदामात सडत पडलं होतं, त्यातनं मिस्त्रींनी ती लग्नाआधी उचलून आणली होती आणि दोन वर्षं रविवारचे रविवार खपून जिवंत केली होती. तिच्या वर खुंटीला, खोळीत घातलेला, गजानं वाजवायचा दिलरुबा. कॉटखाली वडिलांची भजनाची हातपेटी. आणि बायकोच्या साड्या मात्र लग्नातल्या पत्र्याच्या ट्रंकेत, एकीवर एक दाबून बसवलेल्या.

बायको दानेश्वरी. गडहिंग्लजकडची, घरात कानडी बोलत वाढलेली. माहेरी तिला दानव्वा म्हणायचे आणि उचगावातही तेच नाव रुजलं. तोंडानं फटकळ. गल्लीतली एखादी बाई घर बघायला आली की दानव्वा पायपेटीकडं हात करून म्हणायची, "ही आमची तिजोरी. आत काय न्हाय, नुसता वारा हाय."

मिस्त्री शिरोलीच्या बाजूला एका फौंड्रीत कामाला होते. ओतून आलेल्या लोखंडाची धार ग्राइंडरवर घासून काढायची, हे त्यांचं काम. दिवसभर कानाशी ते किंचाळणं. संध्याकाळी सायकलवरनं घरी आले की भुवयासुद्धा काळ्या झालेल्या असायच्या. न्हाणीत बसून चांगलं अर्धा तास अंग घासायचे, विभूती लावायचे, इष्टलिंगाची पूजा करायचे, चहा घ्यायचे आणि मग पेटीसमोर नाहीतर दिलरुबा घेऊन बसायचे. जेवायची हाक येईपर्यंत वाजवायचे. नव्वद-ब्याण्णव साली त्या घरातला रोजचा शिरस्ता असा होता. मुलगी भूमिका कॉटवर पालथी पडून अभ्यास करायची आणि दानव्वा चुलीपुढं भाकऱ्या थापायची. चूल समोरच्या भिंतीला असल्यामुळं तिची पाठ नेहमी वाजवणाऱ्याकडं.

मिस्त्रींना वाटायचं, हिला यातलं काही नको आहे. तसं वाटण्यासारखंच ती बोलायची, 'अहो'च्या जागी कानडी 'री' लावून.

"त्या लाकडाला जेवढं पुसतासा, तेवढ्यांदा कधी माझ्या तोंडाकडं बघितलाईसा काय री?"

"तू न वाजवताच वाजतीस की," मिस्त्री हसून म्हणायचे. "हिला वाजवावं लागतंय."

पण आषाढात हवेला ओल सुटली की पायपेटीच्या पोटात चाळीस वॉटचा दिवा लावून ठेवायचं काम दानव्वा मिस्त्रींना न सांगता करायची. भात्याचं चामडं उंदरांनी कुरतडू नये म्हणून मागच्या बाजूला डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी तिनंच बांधली होती. आणि मिस्त्री काय वाजवतात त्याचं नाव तिला सांगता आलं नसतं, तरी त्यांचा दिवस कसा गेला ते तिला त्यातनं कळायचं. साहेबानं पाणउतारा केला असला की गज तारांवर जड पडायचा. पगार झाला असला की पेटी दुडकी चालायची. दिलरुब्यावर खालचे सूर सोडून वर जाताना एका जागी मिस्त्री नेहमी अडखळायचे. बोट पोचायला जरा उशीर व्हायचा. तेवढ्यापुरता दानव्वाचा भाकरीवरचा हातही थांबायचा. ते वर पोचले की तिची थाप पुन्हा सुरू. हे तिनं त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायसारखं काही आहे असंच तिला वाटलं नव्हतं.

शहाण्णवच्या सुमारास मिस्त्रींना पाठीमागनं मारलेली हाक ऐकू येईनाशी झाली. दानव्वाला वाटलं, माणूस वयानं ताठा धरायला लागला. मग एके दिवशी ते म्हणाले, पेटीचे वरचे सूर मेलेत. रविवारी त्यांनी पेटी खोलली, आतल्या पितळेच्या बारक्या जिभा, ज्यांना सूरच म्हणतात, एकेक बाहेर काढल्या आणि कानस घेऊन बसले. टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाला घासलं की उतरतो, हे त्यांना डोळे मिटून येत होतं. दिवसभर घासलं. संध्याकाळी पेटी लावून वाजवली आणि दानव्वाच्या अंगावर काटा आला. दातात खडा यावा तसे सूर एकमेकांत करकरत होते. मिस्त्री मान डोलवत होते.

"आता कसं, जरा जीव आला," ते म्हणाले.

दानव्वा चुलीकडं वळली. जन्मात पहिल्यांदा तिला वेळेला शब्द सुचला नाही. पुढच्या रविवारी त्यांनी कॉटखालची हातपेटी काढली आणि तिचंही तेच केलं.

त्या श्रावणात, सोमवारी, मठात भजन होतं. पुढं गायला बाळासो, पेटीवर मिस्त्री, हे वीस वर्षांचं ठरलेलं. दुपारी प्रसादाआधी भजनाला उभारी आली आणि दुसऱ्याच पदाला बाळासोंनी गाता गाता मिस्त्रींकडं बघितलं. मग टाळकऱ्यांकडं बघितलं. कडव्याच्या मधेच थांबून त्यांनी मिस्त्रींच्या हातावर हात ठेवला.

"मिस्त्री, आज पेटी ऱ्हाऊ दे. नुसत्या टाळावर म्हनू या."

मिस्त्रींना ते ऐकू गेलं नाही. ते हसून वाजवतच राहिले. तेव्हा बाळासोंनी भात्याची कडी लावून टाकली. बायकांच्या बाजूला बसलेल्या दानव्वानं पदराखाली आपले दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.

परतताना मिस्त्री पेटी खांद्यावर घेऊन पुढं, दानव्वा मागं. गल्ली संपून उसाचं रान लागेपर्यंत ती गप्प चालली, कारण जे सांगायचं होतं ते ओरडूनच सांगावं लागणार होतं.

"काय झालंतं गं त्याला?" मिस्त्रींनी वळून विचारलं. "पेटी का बंद केलान?"

"पेटी बिघडलीया!"

"कालच लावलोय मी."

"तुमीच बिघडवलाय री तिला! तुमास्नी ऐकाय येत न्हाय!"

मिस्त्री तिच्या ओठांकडं बघत राहिले. मग त्यांनी पेटी बांधावर उतरवली, तिच्याशेजारी बसले. पायाजवळची ढेकळं हातानं फोडत राहिले.

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"पायपेटी घासलासा तवापासनं."

"आनि बोलली न्हाईस?"

दानव्वानं मान हलवली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आतली नस गेली आहे, आवाजाच्या कामानं जाते, परत यायची नाही. मशीन लावून बघा. "कानात खुंटी मारून घिऊन हिंडू काय आता?" असं म्हणून मिस्त्री उठले. घरी आल्यावर त्यांनी दानव्वाची एक जुनी इरकल मागून घेतली आणि पायपेटी झाकून टाकली. साडीवर भूमिकाचे क्लासचे फोटो आले, देवाचं कॅलेंडर आलं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या आल्या. फौंड्रीनं त्यांना ग्राइंडरवरनं काढून स्टोअरमध्ये बसवलं. संध्याकाळी ते पूजा आटपून उंबऱ्यावर बसायचे आणि जेवायची हाक आता त्यांना खांद्याला हात लावून द्यावी लागायची.

दानव्वाला त्या वेळेचं काय करावं ते कळेना. भाकऱ्या होत होत्या, पण कधी करपून, कधी कच्च्या. हाताला चालच राहिली नव्हती. तिनं रेडिओ लावून बघितला. चांगली गाणी लागायची, पण त्यातलं कुणी कुठं अडखळायचं नाही. कुणाचा दिवस कसा गेला, काही कळायचं नाही. तिनं रेडिओ बंद केला.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात ती माहेरच्या जत्रेला गडहिंग्लजला गेली, आठ दिवस राहिली आणि एसटीनं परत आली. पिशवी खाली ठेवताना तिचं लक्ष भिंतीकडं गेलं. खुंटी मोकळी होती.

"दिलरुबा कुटं हाय?" तिनं खुंटीकडं बोट करून विचारलं.

"दिलो."

"कुनाला?"

"जयसिंगपूरच्या एका बाई हैत, गानं शिकवत्यात. बाळासोच्या वळखीच्या. हितं टांगून टांगून त्याचं कातडं वाळाय लागलंतं."

"मला इचारला न्हाईसा?"

मिस्त्रींना खरंच नवल वाटलं. "तुला अडचनच हुती की त्याची. रोज म्हनायचीस."

तशी ती रोज म्हणायचीच. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पण ते मिस्त्रींना कळलंच नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं बाळासोंकडनं पत्ता घेतला, भूमिकाला भात लावायला सांगितलं आणि जयसिंगपूरची एसटी पकडली. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत प्रियदर्शनीबाईंचं घर होतं. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, बोलायला मऊ. दिलरुब्याला त्यांनी नवं कातडं चढवलं होतं, गंजलेल्या तारा बदलल्या होत्या. दानव्वा कोण हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"परत न्यायला आलाय का?"

"न्हाय, न्हाय," दानव्वा म्हणाली. "ऐकाय आलो. जरा वाजवून दावतासा काय?"

बाईंनी सतरंजी घातली. दानव्वा समोर बसली, आणि बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की वाद्याच्या समोर आपण आजवर कधी बसलेलोच नाही. गज तारांवर कसा फिरतो, डावा हात कसा घसरतो, हे ती बघत राहिली. बाईंचा हात मिस्त्रींपेक्षा कितीतरी तयार होता. खालचे सूर भरून काढून त्या वर निघाल्या, दानव्वाचा श्वास आपसूक थांबला, आणि बाई कुठंही न अडता, पाण्यावरनं जावं तशा, वर गेल्या.

दानव्वाला रडू फुटलं. बाईंना वाटलं, वाजवणं भिडलं. त्यांनी तिला पाणी दिलं. दानव्वा म्हणाली, "लई गोड वाजवतासा," आणि ते खरंच होतं. उठताना तिनं दिलरुब्याला हात लावून नमस्कार केला. सगळ्या वाटेनं ती एसटीच्या खिडकीशी बसून आपल्या गुडघ्यावर थाप मारत होती, भाकरीची थापतात तशी, आणि त्या अडखळायच्या जागी थांबून बघत होती.

घरी येऊन तिनं इरकलीवरचे कपडे, कॅलेंडर, फोटो कॉटवर टाकले आणि साडी ओढून काढली.

"उघडा हिला," ती मिस्त्रींना म्हणाली.

"कशाला? मला ऐकाय येत न्हाय."

"मला येतंय की!"

मिस्त्रींनी आधी चेष्टेवारी नेलं. सूर लावणं म्हणजे काय भाकरी भाजणं आहे? सा कुठला, रे कुठला, तुला येतंय काय? तिला येत नव्हतं. पण ती हटली नाही. तेव्हा त्यांनी एक पट्टी दाबून भाता मारला आणि भुवया उंचावल्या, सांग म्हणून.

दानव्वानं कान दिला. "करपलंय," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"म्हंजे जादा झालंय. आचेबाहीर गेलंय."

मिस्त्रींनी कानस हाती घेतली. मग त्यांनी तो सूर बाहेर काढला, बुडाला कानशीचा एक हलका हात मारला, परत बसवला. "आता?"

"आजून. ...आजून थोडं. आता कच्चं झालं! फुडं गेलासा!"

असं ते काम सुरू झालं. करपलं म्हणजे चढलं, कच्चं म्हणजे उतरलं, आळणी म्हणजे सूर बरोबर पण वारा कमी. रोज संध्याकाळी, भाकऱ्या आधीच उरकून, दोघं पेटीच्या उघड्या पोटापुढं बसायचे. भजनी मंडळातनं मागून आणलेली एक चांगली हातपेटी शेजारी ठेवलेली. तिच्यावरचा सूर ऐकून दानव्वा इकडचा सांगायची. एका पट्टीला दोन सूर असतात, ते दोन्ही एकजीव व्हायला लागतात. जरा फरक असला की त्यांच्यात लाट उठते, वाँव वाँव करत. एके दिवशी मिस्त्रींनी लाकडावर तळवा ठेवला आणि त्यांना ती लाट हाताला लागली.

"थांब, बोलू नको," ते म्हणाले. त्यांनी घासलं, हात ठेवला, घासलं, हात ठेवला. लाट लांबत गेली, मंद झाली, थांबली. त्यांनी दानव्वाकडं बघितलं. तिनं अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली. मिस्त्रींनी तोंड फिरवलं आणि बराच वेळ डोळ्यात कीस गेल्याचं निमित्त करून डोळे पुसत बसले.

उन्हाळ्यात सुरू केलेलं काम दिवाळीच्या पाडव्याला संपलं. दोन सूर बिघडले ते नवे घालावे लागले. पाडव्याच्या दिवशी पोळ्यांचं जेवण झाल्यावर मिस्त्री पेटीवर बसले. दानव्वानं पाट ओढला आणि समोर बसली. भूमिका म्हणाली, "अव्वा, तू कवापासनं ऐकाय लागलीस?" दानव्वा म्हणाली, "गप बस."

बोटं विसरली नव्हती. वाजवताना मिस्त्री पट्ट्यांकडं बघत नव्हते, तिच्या तोंडाकडं बघत होते. कुठं चुकतंय, कुठं जमतंय, ते तिथंच काय ते दिसणार होतं. घरात तिचं तोंड इतकं कुणी कधी बघितलं नव्हतं. तिला लाज वाटली, आणि तरी ती उठली नाही.

हळूहळू बोलबाला झाला. आसपासच्या गावांतनं भजनी मंडळं पेट्या घेऊन यायला लागली. मिस्त्रींच्या हातात कानस, समोर दानव्वा. एकदा बाळासोच मठाची पेटी घेऊन आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. "वैनी, आमची पेटी करपलीया काय बघा की जरा." मिस्त्रींना त्यांच्या ओठांवरनं कळलं. त्यांनी बाळासोंना हाताला धरून आत घेतलं, चहा सांगितला. मागचं कुणी काढलं नाही.

पण मिस्त्रींची तहान काही भागली नव्हती. मधेच, कणसं सोलताना नाहीतर अंगणात बसल्या बसल्या, ते विचारायचे, "आत्ता कशाकशाचा आवाज येतोय?"

दानव्वा कान देऊन सांगायची. "शेजारचा कुकर. म्हस वरडाल्या. रस्त्याला ट्रक."

"पाकरं?"

"हैत की. साळुंक्या."

"आनि पेटी? मगाशी वाजिवलो ती कशी वाजली?"

"बरी वाजली."

"बरी म्हंजे?"

इथं दानव्वाचं घोडं अडायचं. करपलं, कच्चं हे चुकलेल्याचे शब्द होते. नीट लागलेल्या सुराला तिच्याकडं शब्दच नव्हता. ती त्यांचा हात धरून दाबायची. ते मान हलवायचे, पण त्यांना ते पुरायचं नाही हे तिला दिसायचं.

भूमिकाचं लग्न झालं, ती कोल्हापुरात राहायला गेली. दोन हजार आठ साली, मिस्त्री रिटायर झाल्यावर, तिनं हट्टच धरला. आता मशीनं बारीक आलीत अप्पा, कुणाला दिसत नाहीत, म्हणाली, आणि त्यांना घेऊन गेली. तपासण्या झाल्या, कानाचा साचा घेतला, आणि पंधरा दिवसांनी मिस्त्री कानात मशीन घालून रिक्षातनं घरी उतरले. मोटारीच्या हॉर्ननं दचकत होते, स्वतःच्या चपलांकडं वळून बघत होते.

"री, जेवलाईसा काय?" दानव्वानं दारातनं विचारलं.

मिस्त्री थबकले. "घशाला काय झालंय तुझ्या?"

"काय न्हाय की."

"मग आवाज आसा का?"

दानव्वाला आधी कळेना. मग कळलं. "बारा वरसं झाली," ती म्हणाली. "म्हातारी झालोय मी."

मिस्त्री उंबऱ्यावरच बसले. बारा वर्षं ते तिच्या हलत्या ओठांना जो आवाज लावत आले होते तो चाळिशीतल्या दानव्वाचा होता. ती आपल्याला न कळता कुठं निघून गेली, आणि ही कोण, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "बोल की," ते म्हणाले. "आनि बोल."

संध्याकाळी त्यांनी पेटी उघडली. अंघोळ करून, विभूती लावून बसले. दानव्वा समोर. त्यांनी भाता मारला, पहिला सूर दाबला, आणि चटका बसावा तसा हात काढून घेतला.

"हे काय वाजतंय?"

दानव्वा पाटावरनं पुढं सरकली. "माझं चुकलंय काय? लावताना?"

त्यांनी पुन्हा दाबून बघितलं. एक, दोन, तीन सूर. पत्र्याचा डबा बडवावा तसलं काहीतरी येत होतं. दोन सूर एकत्र दाबले की नुसता चिवचिवाट. बराच वेळ ते वेगवेगळ्या पट्ट्या दाबत राहिले. मग कानातनं मशीन काढून त्यांनी त्याच्या डबीत ठेवलं.

"तुझं न्हाय चुकलं. बोलाय-ऐकायचं मशीन हाय हे. ह्याला गानं कळत न्हाय."

मशीनशिवाय त्यांनी वाजवलं. डोळे मिटून वाजवलं. दानव्वा ऐकत होती. त्यांच्या डोक्यात वाजतेय ती नव्वद सालची पेटी, तिला ऐकू येतेय ती दोघांनी मिळून लावलेली. यातली त्यांना कुठली हवी होती, आणि ही एकदा तरी त्यांच्या कानावर पडती तर, असं तिच्या मनात येत राहिलं. खालनं वर जाताना, दिलरुब्यावर अडायचे तसेच, ते अडखळले. तिची गुडघ्यावरची थाप थांबली. ते पोचले.

वाजवून झाल्यावर मिस्त्रींनी पेटी बंद केली, डबी उघडली, मशीन कानात घातलं आणि तिच्यापुढं पाट घेऊन बसले.

"हां, आता बोल."

"काय बोलू?" दानव्वा गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

मिस्त्रींनी कानावर हात धरला. "हळू गं! ऐकाय येतंय."

हळू बोलायची तिची सवयच मोडून गेली होती. बारा वर्षं या घरात ती ओरडतच आली होती. दूध संपलं हेही ओरडून, जीव घाबरतोय हेही ओरडून. आता घसा खाली आणावा म्हटलं तर आवाज फुटेना. तिनं दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबली. मग ती कानडीत बोलायला लागली, तिच्या आईशी बोलायची तसं, अगदी हळू. सकाळी दुधवाल्यानं पाणी घातलेलं दूध दिलं. शेजारणीच्या सुनेला दिवस गेलेत. गुडघा दुखतोय. मिस्त्रींना सासुरवाडीची कानडी समजायची, ते कान पुढं करून ऐकत होते. एखादा शब्द निसटला की हात वर करायचे, आणि ती तेवढंच परत सांगायची.